सक्तमजुरी ही 'सक्तीची मजुरी' नव्हे

गोव्यातल्या पेडण्याच्या एका वाचकाने विचारले आहे: खापरपणजोबांनी 'सक्तीची मजुरी' भोगली असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जुन्या कागदांत त्यांचा माग काढायचा तर कोणता शब्द शोधावा, आणि सक्तमजुरी म्हणजे नेमके काय?

आधी राग काढून घेतो. 'सक्तीची मजुरी' ऐकले की माझे डोके उठते, आणि हल्ली बातम्या देणारेही सर्रास तेच बोलतात. सक्तमजुरीतला 'सक्त' जबरदस्तीचा नाही. तो फारसी 'सख्त', म्हणजे कठीण, कडक. तख्त्याचा तक्ता झाला तसा सख्तचा सक्त झाला. सक्त ताकीद देतो ती काय कुणाचा हात पिरगाळून देतो? एका विद्वानांनी तर हा 'सक्त' थेट 'आसक्त'मधल्या संस्कृत सक्ताला नेऊन चिकटवला आहे: बेडीला चिकटलेला तो सक्त! कोश उघडायचा कंटाळा आला की अशा व्युत्पत्त्या सुचतात.

खरी गंमत मजुरीत आहे. फारसीत 'मुज्द' म्हणजे कामाचा मोबदला, आणि तो घेणारा तो मुज्दूर, आपला मजूर. हा मुज्द परका वाटतो, पण आपल्याच भाऊबंदांपैकी आहे. पारशांच्या अवेस्तेत 'मिज्द', ग्रीकमध्ये 'मिस्थोस', आणि ऋग्वेदात 'मीळ्ह', म्हणजे झुंजीत जिंकलेले बक्षीस. सगळी एका मुळाची भावंडे. आपल्याकडच्या भावाने रणांगणात बक्षीस मिळवले आणि पुढे तो बोलण्यातून नाहीसाच झाला. इराणातला भाऊ रोजंदारीला लागला आणि शतकांनंतर मजूर होऊन आपल्याच दारात उभा राहिला. ज्याच्या नावातच दाम आहे असा हा शब्द आपण लावला कुणाला, तर छदामही न मिळणाऱ्या कैद्याला! 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना कामाचा रास्त मोबदला द्या म्हणून सांगितले, तेव्हा कुठे शब्दातला मुज्द जागा झाला.

सक्तीने, फुकट करून घेतलेल्या कामाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, आणि तो सक्तमजुरीपेक्षा कितीतरी जुना आहे: वेठ. संस्कृत 'विष्टि'वरून आलेला. इसवी सन 150 च्या सुमाराच्या जुनागडच्या लेखात रुद्रदामन फुशारकी मारतो, की सुदर्शन तलावाचा बांध मी प्रजेकडून जादा कर किंवा विष्टि न घेता बांधला. म्हणजे बाकीचे राजे घेत होते! पुढे या वेठीला फारसी बिगार येऊन मिळाली आणि एकाच अर्थाचे दोन शब्द एका जुवाला जुंपले गेले.

हे सगळे सांगायचे कारण, तुमच्या घरात 'सक्तीची' म्हणतात. खापरपणजोबांना रस्त्याच्या कामाला किंवा साहेबाची ओझी वाहायला धरून नेले असेल, तर ती वेठ. वेठीचा माणूस गुन्हेगार नसतो. त्याचा खटला झालेलाच नाही, मग निकाल कुठल्या दप्तरात सापडणार?

सजाच असेल तर पेडण्याचा माणूस कुठे पकडला गेला ते बघा. सक्तमजुरी हा इंग्रजी अमलातल्या कोर्टाचा शब्द. 1860 च्या दंडसंहितेत कैद दोन प्रकारची, सक्तमजुरीची, म्हणजे कष्टाच्या कामासह, आणि साधी. (टिळकांनी मंडालेत सक्तमजुरी भोगली, असे भाषणांत ठोकून देतात. 1897 ची अठरा महिन्यांची सजा सक्तमजुरीची होती. 1908 ची काळ्या पाण्याची, आणि ती पुढे साध्या कैदेवर आली.) पेडणे पोर्तुगीजांकडे, पण शेजारचे वेंगुर्ले तेव्हा इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. तिथे सापडले असतील तर मुंबईच्या पुराभिलेखागारातले न्यायखात्याचे खंड चाळावे लागतील.

पोर्तुगीज हद्दीत सापडले असतील तर पणजीचे पुराभिलेखागार. तिथे 'सक्तमजुरी' शोधत बसलात तर जन्म जाईल. 1852 च्या पोर्तुगीज दंडसंहितेतला शब्द 'त्राबाल्युश पुब्लिकुश', सार्वजनिक कामे. दुसरा 'देग्रेदु', म्हणजे हद्दपारी, मोझांबिक नाहीतर तिमोरला. हा देग्रेदु 'पायरी उतरवणे' यावरून आला असे काही जाणकार छातीठोक सांगतात. साफ चूक! तो लॅटिन 'देक्रेतुम'चा, म्हणजे हुकूमनाम्याचा, लाडका नातू आहे. मात्र जुने कारकूनही इथे घसरत आणि 'देग्रेदादु', म्हणजे हद्दपार केलेला, याऐवजी 'देग्रादादु' लिहीत. म्हणून दोन्ही रूपे बघा.

पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारा: खापरपणजोबांना न्यायला शिपाई आले होते, की मुकादम?