कॉममध्ये (मायक्रोसॉफ्टचं कंपोनंट ऑब्जेक्ट मॉडेल) एका क्लासचे दोन इंटरफेस असतील तर रेफरन्स काउंट (ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत तो आकडा) एक ठेवायचा की दोन? आणि रिलीज (काउंट एकने कमी) करूनही ऑब्जेक्ट मेमरीतून का जात नाही?

काउंट एकच ठेवा, क्लासचा साधा मेंबर म्हणून. दोन्ही इंटरफेस आयअननोनवरून (कॉममधल्या सगळ्या इंटरफेसांचं मूळ) आलेत, त्यामुळे ॲडरेफ (काउंट एकने वाढवणारं फंक्शन) आणि रिलीज दोनदा आल्यासारखे वाटतात. पण दोन्ही व्हीटेबलमधल्या (फंक्शनांच्या पत्त्यांचे तक्ते) पहिल्या तीन जागा (दुसरा इंटरफेस मागायचं क्वेरीइंटरफेस, ॲडरेफ, रिलीज) शेवटी तुम्ही एकदाच लिहिलेल्या फंक्शनांकडेच येतात. वापरणाऱ्याने मात्र ज्या पॉइंटरवर ॲडरेफ झाला त्याच पॉइंटरवर रिलीज करावा. आतून इंटरफेसगणिक वेगळा काउंट ठेवायची मुभा नियमात आहे, त्यामुळे समोरच्याने काय केलंय ते गृहीत धरू नये.

क्वेरीइंटरफेसमध्ये कोणी आयअननोन मागितला तर दरवेळी तोच पत्ता परत गेला पाहिजे. दोन पॉइंटर एकाच ऑब्जेक्टचे आहेत का, हे त्यावरूनच ओळखतात. म्हणून आधी पहिल्या इंटरफेसला स्टॅटिक कास्ट करा. थेट आयअननोनला कास्ट केलंत तर दोन वाटा दिसतात आणि कंपायलर अडतो.

आता ऑब्जेक्ट का जात नाही ते. बहुतेक वेळा चूक फॅक्टरीत, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून देणाऱ्या कोडमध्ये, सापडते. कन्स्ट्रक्टर काउंट 1 करतो, क्वेरीइंटरफेस तो 2 करतो आणि फॅक्टरी स्वतःचा 1 सोडायला विसरते. क्रम असा हवा: न्यू, क्वेरीइंटरफेस, लगेच रिलीज. क्वेरीइंटरफेस फसला तरी हा रिलीज करायचाच. मग काउंट 0 होऊन ऑब्जेक्ट आपोआप साफ होतो.

फॅक्टरी ठीक असेल तर चक्र शोधा. पालक मुलाला धरून आहे आणि मूल पालकाला, तर दोघांचाही काउंट 0 होत नाही. मुलाने पालकाचा पॉइंटर ॲडरेफ न करता ठेवावा, आणि पालकाने जाताना तो नल करावा.

रिलीज लिहिताना इंटरलॉक्ड डिक्रिमेंटने (अनेक थ्रेड असले तरी काउंट सुरक्षितपणे एकने कमी करणारं फंक्शन) दिलेली किंमत लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, तीच 0 आहे का तपासा आणि तीच परत करा. डिलीट झाल्यावर मेंबर वाचणं म्हणजे सोडलेली मेमरी वाचणं. क्लासवरून पुढे दुसरा क्लास काढणार असाल तर डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल हवाच, कारण आयअननोनमध्ये तो नाही.

एक कळकळीची विनंती: रिलीज 0 परत करेपर्यंत लूपमध्ये फिरवू नका. त्यात दुसऱ्या कोणाचा तरी रेफरन्स सुटतो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. परत आलेला आकडा फक्त डीबगिंगपुरता बघा.