मातागट चालवणाऱ्या मातांचे कौतुक कसे करावे?

शाळा व्यवस्थापन समितीवर आपण नव्याने आला आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची शाळेसाठीची तयारी पाहणारा ‘पहिले पाऊल’ मेळावा भरतो, तेव्हा नोंदणीपासून अंकओळखीपर्यंतची टेबले सांभाळणारे गावातील तरुण-तरुणी आणि पुढे उन्हाळाभर वस्तीत मातागट (मुलांची घरी तयारी करून घेणाऱ्या शेजारच्या आयांचा छोटा गट) चालवणाऱ्या लीडर माता हे काम मोबदल्याविना करतात. त्यांचे कौतुक वर्षअखेरीस गुलाबपुष्प देऊन उरकले जाते, ते मला फार अपुरे वाटते.

कौतुक नेमके असावे. ‘आपले सहकार्य लाभले’ असे मोघम म्हणण्यापेक्षा, ‘पहिल्या मेळाव्यात कागदाची साधी घडीही न जमलेला मुलगा तुमच्या ओट्यावर बसून होडी करायला शिकला आणि दुसऱ्या मेळाव्याच्या विकासपत्रात, म्हणजे मुलाची प्रगती नोंदवण्याच्या पत्रकात, तशी नोंद झाली’ असे सांगितले, तर त्या मातेला आपल्या श्रमाचे फळ दिसते. हे बोलणे शक्यतो तिच्या घरी जाऊन, सासूबाईंच्या देखत व्हावे, म्हणजे गटासाठी संध्याकाळचा तासभर काढणे तिला सोपे जाते. मजुरीला जाणाऱ्या बाईला सत्कारासाठी दुपारी बोलावू नका, कारण तिची त्या दिवसाची मजुरी बुडते.

समितीच्या इतिवृत्तात तिचे नाव व काम अवश्य नोंदवा. पुढील मेळावा आखताना तिचे मत आधी घ्या, आणि खडू-कागदाचा खर्च तिच्या पदराला पडणार नाही, याकडे स्वतः लक्ष द्या.