अमेरिकेतलं लिंचिंगबळींचं स्मारक कसं पाहावं?
लिंचिंग म्हणजे जमावाने कायदा हातात घेऊन केलेली हत्या. अशा बळींचं हे स्मारक अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत आहे, २०१८ साली खुलं झालं. ८००हून जास्त पोलादी स्तंभ, एका काउंटीला (जिल्ह्यासारखा विभाग) एक. त्यांवर तिथे मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची नावं. नाव सापडलं नाही तिथे ‘अज्ञात’. १८७७ ते १९५० मधल्या ४,४००हून जास्त बळींची ही नोंद आहे.

घाईने फिरू नका. सुरुवातीला स्तंभ डोळ्यांसमोर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि तेच स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसतात. मान वर करून पाहावं लागतं, झाडाला लटकवलेल्या बळीकडे खाली जमलेली गर्दी पाहायची तसं. अंगावर काटा येतो.

बाहेरचा भाग मात्र अनेकजण चुकवतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा: प्रत्येक स्तंभाची जुळी प्रत तिथे आडवी ठेवली आहे, त्या त्या काउंटीने नेऊन आपल्याकडे उभारावी म्हणून.