सर्व्हिस कोणाच्या नावाने चालते?

प्रश्न (लालबाग) : आमच्या पतपेढीत रोजच्या हिशेबाचा बॅकअप रात्री दुसऱ्या संगणकावर टाकणारा प्रोग्राम आहे. मी हाताने चालवला की नीट चालतो. विंडोज सर्व्हिस म्हणून (कोणी लॉगिन केलं नसलं तरी मागे चालत राहणारा प्रोग्राम) लावला तर पाथ सापडत नाही अशी नोंद लॉगमध्ये येते. बॅकअप झेड ड्राइव्हवर जातो आणि तो ड्राइव्ह मला तर समोर दिसतोय. संगणक दोनच आहेत, डोमेन (सगळे संगणक आणि खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) नाही.

उत्तर : तुम्हाला दिसतोय, सर्व्हिसला नाही. शेअरला (दुसऱ्या संगणकावरच्या, नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरला) जोडलेलं झेडसारखं अक्षर ज्याने लॉगिन केलं त्याच्यापुरतंच असतं. सर्व्हिस वेगळ्या खात्याने, वेगळ्या सत्रात चालते. तिच्या लेखी झेड नावाचं काही नाही. म्हणून सेटिंगमध्ये पूर्ण पत्ता द्या : दोन बॅकस्लॅश, संगणकाचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव.

एवढ्याने काम होणार नाही, आता ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल. तुमची सर्व्हिस बहुधा लोकल सिस्टिम खात्याने चालते आहे. हे खातं स्वतःच्या यंत्रावर सर्वाधिकारी, पण नेटवर्कवर ते संगणकाच्या खात्याची ओळख दाखवतं. नेटवर्क सर्व्हिस खातंही तेच करतं, फक्त घरात त्याचे अधिकार कमी असतात. लोकल सर्व्हिस तर बाहेर निनावीच जातं. डोमेन असतं तर संगणकाच्या खात्याला शेअरवर परवानगी देता आली असती. तुमच्याकडे पलीकडचा संगणक त्या खात्याला ओळखतच नाही.

तेव्हा दोन्ही संगणकांवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं साधं लोकल खातं उघडा. पासवर्ड कोरा नको. ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला’ ही खूण काढा आणि ‘पासवर्डची मुदत संपत नाही’ ही लावा, नाहीतर मूळ सेटिंगप्रमाणे ४२ दिवसांनी बॅकअप गुपचूप बंद पडेल. पलीकडच्या संगणकावर परवानगी दोन ठिकाणी द्यायची असते : शेअरवर ‘चेंज’ आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘मॉडिफाय’. दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते, आणि लोक नेमकी शेअरची विसरतात. तिथे मुळात सगळ्यांना फक्त वाचायची मुभा असते. सर्व्हिस चालते त्या संगणकावर याच खात्याला हिशेबाचं फोल्डर वाचता यायला हवं. मग सर्व्हिसेसच्या यादीत तुमच्या सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लॉग ऑन’ टॅबवर हे खातं टाका (नावाआधी टिंब आणि बॅकस्लॅश) आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

प्रश्न (साकीनाका) : आमच्याकडे डोमेन आहे. खास खात्याने लावलेली सर्व्हिस तीन आठवडे छान चालली. पावसात लाइट गेली, सर्व्हर पुन्हा चालू केला तर एरर १०६९, म्हणजे लॉगिन न झाल्याने सर्व्हिस सुरूच होत नाही. खातं परत टाकलं की चालते, पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तेच.

उत्तर : लाइटला बोल लावू नका, बिघाड आधीच झालेला होता. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. तुमच्या वर्णनावरून तिथे ७०४१ क्रमांकाची नोंद सापडेल, म्हणजे या खात्याला ‘लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस’ हा हक्क नाही.

सर्व्हिसेसच्या खिडकीतून खातं टाकलं की विंडोज हा हक्क त्या यंत्रावर आपणहून देतं. पण डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत (सगळ्या यंत्रांना एकदम लागणाऱ्या सेटिंग्जमध्ये) या हक्काची यादी ठरवलेली असेल, तर ती स्थानिक यादीत भर घालत नाही, तिच्या जागी बसते. पॉलिसीत काही बदललेलं नसलं तरी सुरक्षेच्या सेटिंग्ज साधारण दर १६ तासांनी नव्याने लागतात. तेव्हा हक्क जातो, पण तो तपासला जातो फक्त सर्व्हिस सुरू होताना. म्हणून चालू सर्व्हिस चालत राहते आणि रीस्टार्टला पडते.

खातं पॉलिसीतल्याच यादीत घाला. यादी कुठल्या पॉलिसीतून येते ते ॲडमिन म्हणून जीपीरिझल्ट ही कमांड चालवून कळेल. त्याच यादीत ‘एनटी सर्व्हिस’चं ‘ऑल सर्व्हिसेस’ हे गटाचं नाव आहे ना तेही बघा. ते गळलं तर व्हर्च्युअल खात्यांवरच्या (विंडोज स्वतःच सांभाळतं अशा खात्यांवरच्या) सर्व्हिसही अडतात. ‘डिनाय लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस’मध्ये खातं असेल तर मात्र दिलेला हक्क फुकट, कारण नकार वरचढ ठरतो.

लॉगमध्ये ७०३८ निघालं तर आधी पासवर्ड तपासा. डोमेनमध्ये बदललेला पासवर्ड सर्व्हिसपर्यंत आपोआप पोहोचत नाही, प्रत्येक यंत्रावर हाताने टाकावा लागतो. एक यंत्र राहिलं की ते जुना पासवर्ड पाठवत बसतं आणि खातं लॉक होतं; कुठलं यंत्र ते डोमेन कंट्रोलरवरच्या (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या) ४७४० नोंदीत दिसतं. ही कटकट नको असेल तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून आलेलं ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः दर ३० दिवसांनी बदलतं. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्यायचं, पासवर्डची जागा कोरी. मात्र डोमेनमध्ये केडीएस रूट की (हे पासवर्ड जिच्यावरून तयार होतात ती मूळ किल्ली) आधी कधी केली नसेल तर ती केल्यावर १० तास थांबावं लागतं.

प्रश्न (गिरगाव) : सॉफ्टवेअरवाला म्हणतो, सर्व्हिसला डोमेन ॲडमिनचं खातं द्या, म्हणजे कटकट मिटेल. द्यावं का?

उत्तर : नाही. सर्व्हिसचा पासवर्ड त्या यंत्रावरच साठवलेला असतो आणि तिथल्या लोकल ॲडमिनला तो बाहेर काढता येतो. म्हणजे एका यंत्राचा ॲडमिन सगळ्या डोमेनचा मालक. त्यापेक्षा साधं खातं द्या, मायक्रोसॉफ्टचा फुकट मिळणारा प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्राम कुठे हात घालतो ते दाखवणारा) चालवा आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ एवढाच निकाल गाळून पाहा. बहुतेक वेळा प्रोग्राम फाइल्समधलं एखादं फोल्डर किंवा रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) एखादी की निघते. तेवढ्यावरच लिहायची परवानगी द्या. काम झालं की प्रोसेस मॉनिटर बंद करा, रात्रभर चालू राहिला तर तोच सर्व्हरची मेमरी खाऊन टाकतो.