मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघातून मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, कसे निवडून आले, आणि तिथल्या लोकांना ते खटकले का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: हो, अनेकांना खटकले. त्याचा रोख ठाणेदारांच्या मराठीपणावर किंवा भारतीयपणावर फारसा नव्हता. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, या मतदारसंघाचा मतदार नाही. पण आपल्या लोकांनी बेळगावच्या माणसाच्या विजयाचे पेढे वाटताना या जागेचा इतिहासही जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

१९५४ साली चार्ल्स डिग्ज यांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या निवडणुकीत, स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या गोऱ्या खासदाराला हरवले. पुढे ते निवडून आले आणि मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय खासदार झाले. मतदारसंघ हाच, १३वा. पहिल्याच वर्षी दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. डिग्ज तो खटला पाहायला तिकडे गेले. अमेरिकेच्या संसदेचा सदस्य, पण त्या कोर्टात त्यांना जागा मिळाली ती कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी वेगळ्या मांडलेल्या टेबलापाशी. आरोपी निर्दोष सुटले. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांना तेव्हा धड मतदानही करता येत नव्हते. त्यांचे म्हणणे वॉशिंग्टनपर्यंत नेणारा माणूस हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या डेट्रॉइटने निवडून दिलेला होता. ही जागा नुसत्या एका शहराची का मानली जात नाही, ते इथे समजते.

१९७१ मध्ये काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्षही डिग्जच. शेवट मात्र वाईट झाला. कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या घोटाळ्यात १९७८ मध्ये ते दोषी ठरले, तरी मतदारांनी त्याच नोव्हेंबरात त्यांना पुन्हा निवडून दिले. १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

शेजारच्या मतदारसंघातून १९६५ मध्ये जॉन कॉनियर्स आले आणि ५० वर्षांहून अधिक काळ राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी त्यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुट्टी देण्याचे विधेयक कॉनियर्स यांनी मांडले. कायदा व्हायला १९८३ उजाडले. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स १९६५ ते १९८८ त्यांच्या डेट्रॉइटच्या कार्यालयात काम करत होत्या.

दरम्यान शहर रिकामे होत गेले. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकवस्ती होती, २०२० मध्ये ती ६ लाख ४० हजारांच्या खाली आली. मिशिगनच्या एकेकाळी १९ असलेल्या जागा आता १३ उरल्या आहेत आणि एका मतदारसंघाला सुमारे पावणेआठ लाख लोक लागतात. म्हणजे अख्खे डेट्रॉइट घेतले तरी एक मतदारसंघ भरत नाही. तरीही नव्या नकाशात शहर १२व्या आणि १३व्या अशा दोन मतदारसंघांत विभागले गेले. १३व्यात टेलर, रोम्युलस अशी उपनगरे आली आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले. माझ्या मते मूळ दुखणे हे आहे. (हा नकाशा आखणाऱ्या आयोगानेच राज्य विधिमंडळासाठी आखलेले डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखल्याचे सांगून न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले. काँग्रेसचा नकाशा मात्र तसाच राहिला.)

आता ‘कसे’. इथे डेमोक्रॅट जिंकणार हे ठरलेलेच, त्यामुळे खरी लढत प्रायमरीत. तिथे दुसरी फेरी नसते, सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी. २०१८ मध्ये कॉनियर्स यांच्या रिक्त जागेसाठी (क्रमांक बदलून तीच तोवर १३वी झाली होती) एकाच दिवशी दोन प्रायमरी झाल्या: उरलेल्या थोड्या काळासाठी ब्रेंडा जोन्स जिंकल्या, पूर्ण मुदतीसाठी रशिदा तलैब. मतदार तेच, पण एकीकडे चार उमेदवार होते आणि दुसरीकडे सहा. २०२२ मध्ये तलैब १२व्यात गेल्या आणि इथे नऊ जण उभे राहिले. मते फुटू नयेत म्हणून काही कृष्णवर्णीय नेत्यांनी राज्य विधिमंडळातले कृष्णवर्णीय सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांना पुढे केले, तरी बाकीचे मागे हटले नाहीत. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात ओतले होते. शिवाय २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ते राज्यात तिसरे आले, तेव्हाही डेट्रॉइट शहरात त्यांना भरघोस मते पडली होती, त्यामुळे नाव घरोघरी माहीत होते. सुमारे २८ टक्के मते जिंकायला पुरली. जानेवारी २०२३ पासून, १९५५ नंतर पहिल्यांदाच, डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही.

‘पैशाने जागा घेतली’ असे इथे अनेकजण म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. मतविभागणी झाली आणि नकाशा बदलला, हे दोन्ही ठाणेदारांनी घडवलेले नाही. २०२४ मध्ये उमेदवारीसाठी लागणाऱ्या मतदारांच्या सह्या अवैध ठरल्याने हॉलियर मतपत्रिकेवर येऊ शकले नाहीत आणि ठाणेदारांना प्रायमरीत निम्म्याहून अधिक मते मिळाली. तेव्हाही त्यांच्यासमोर डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय नगरसेविका मेरी वॉटर्स होत्या, म्हणून त्या निकालाला नुसती मतविभागणी म्हणता येणार नाही.