नाक चोंदलेले असताना सीपॅप कसे लावायचे?

सीपॅप, म्हणजे स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार) असलेल्यांना झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांची चिंता एकच असते: नाकच चोंदलेले असेल, तर नाकावाटे हवा देणारे यंत्र लावून उपयोग काय, आणि मध्यरात्री श्वास कोंडला तर काय करायचे? या भीतीपोटी अत्यंत गरजेचे उपचार अर्ध्यावर सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

पन्नाशीच्या आसपासचे हे गृहस्थ पत्नीसह आले होते. झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला सरासरी ४० हून अधिक वेळा थांबत किंवा मंदावत असल्याचे दिसले होते. हे प्रमाण ३० किंवा त्याहून अधिक असेल, तर विकार तीव्र मानला जातो. त्यांना उच्च रक्तदाब होता आणि गाडी चालवताना डुलकी लागत असे. ते म्हणाले, “मॅडम, मशीन चांगलं आहे, पण माझं नाकच साथ देत नाही.” त्यांच्या पत्नीने सांगितले, “हे झोपेतच मास्क ओढून काढतात आणि सकाळी विचारलं, तर यांना आठवतही नाही.”

अशा वेळी मी सर्वप्रथम विचारते की, नाक मास्क लावण्याआधीच बंद असते, की लावल्यानंतर काही तासांनी बंद होते. पुढचा बराचसा मार्ग या उत्तरावर ठरतो. आधीच बंद असेल, तर ॲलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, नाकातील वाढलेले मांस किंवा जुनी सर्दी यांचा शोध कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून घ्यावा लागतो. नंतर बंद होत असेल, तर यंत्राची हवा नाकातून कशी जाते, ते पाहावे लागते. या गृहस्थांच्या बाबतीत दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती.

झोपताना नाक बंद वाटे, म्हणून ते नाक मोकळे करणारे थेंब घालत आणि मगच मास्क लावत. हे थेंब त्यांनी कित्येक महिने रोज वापरले होते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले असे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक काही मिनिटांत मोकळे करतात, पण ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर त्यांचा परिणाम ओसरताच सूज पुन्हा उसळते आणि नाक थेंबांवाचून उघडेनासे होते. ज्याला ते सर्दी समजत होते, ती बऱ्याच अंशी या थेंबांचीच देणगी होती. शिवाय उच्च रक्तदाब असलेल्यांनी असे थेंब किंवा नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

दुसरे कारण यंत्राच्या नोंदींत सापडले. मध्यरात्रीनंतर हवेची गळती एकदम वाढत होती, आणि पत्नीने तोंड उघडे असल्याचे सांगितल्यावर त्याचा उलगडा झाला. एरवी आपण नाकाने श्वास सोडतो, तेव्हा उबदार, दमट हवा परत जाताना नाकाच्या अस्तराला ओलावा देऊन जाते. तोंड उघडे राहिले, की यंत्राची हवा नाकातून आत शिरून तोंडावाटे निसटते, हा परतीचा ओलावा मिळत नाही, अस्तर कोरडे व थंड पडून सुजते, नाक आणखी चोंदते आणि त्यामुळे तोंड आणखी उघडते. हे चक्र तोडण्यासाठी यंत्राला जोडलेला, पाणी तापवून हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर फार उपयोगी पडतो. परंतु वाफेने सर्दी वाढेल या समजुतीने त्यांनी त्यात पाणीच भरले नव्हते! ही समजूत मला वारंवार भेटते आणि ती दूर करायला मी मुद्दाम वेळ देते. त्यात रोज ताजे डिस्टिल्ड पाणी भरायचे, आणि नळीत पाण्याचे थेंब साचू लागले, तर ओलावा थोडा कमी करायचा किंवा तापणारी नळी वापरायची, एवढे पाळले की पुरते.

थेंब सोडवण्याचे काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी स्टिरॉइडचा नाकातील स्प्रे सुरू केला आणि थेंब आधी एका नाकपुडीत, मग दुसऱ्या नाकपुडीत बंद करायला सांगितले. या स्प्रेचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिल्याच रात्री निराश होऊन तो सोडू नये. त्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरावे. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही त्यांना फायदा झाला. त्यासाठी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलेच पाणी घ्यावे.

मधल्या कठीण दिवसांत त्यांना नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क देण्यात आला, आणि येथे गुदमरण्याची भीती उफाळून आली. मी त्यांना तो मास्क हातात देऊन त्यावरील हवा बाहेर सोडणारी छिद्रे आणि वीज गेली तर बाहेरची हवा आत घेणारी झडप दाखवली. मग दिवसा, जागेपणी, खुर्चीत बसून वाचताना तो लावण्याचा सराव सुरू केला. भीती समजावून सांगितल्याने थोडी कमी होते; शरीराला सुरक्षित अनुभव मिळाला, की ती खऱ्या अर्थाने ओसरते, असे माझे ठाम मत आहे. तोंडावर चिकटपट्टी लावण्याचा त्यांचा विचार मात्र मी तिथेच थांबवला, कारण नाक बंद असताना ते धोक्याचे आहे.

हळूहळू रात्रभर मास्क टिकू लागला आणि नोंदींतील गळती उतरली. पुढे त्यांनी विचारले, “पडद्याचं ऑपरेशन केलं, तर मशीन सुटेल का?” केवळ नाकाच्या शस्त्रक्रियेने स्लीप ॲप्निया बरा होणे विरळाच, पण नाक मोकळे झाल्याने सीपॅप सोसणे सोपे जाऊ शकते आणि काहींना कमी दाबही पुरतो. त्यांनी तूर्त शस्त्रक्रिया केली नाही. आता ते नाकाचाच मास्क वापरतात, सर्दी झाली की तेवढ्यापुरता मोठा मास्क लावतात, आणि ताप, कानदुखी किंवा वारंवार नाकातून रक्त असे काही झाले, तर यंत्र मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना फोन करतात.