सातबाऱ्यावर नसलेल्या बहिणी कशा मोजायच्या?

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बापाच्या शेतजमिनीत लेकींना किती वाटा मिळतो, यावर प्रकल्प करतेय. गावातले सातबारे ऑनलाइन काढून बायकांची नावं मोजली. थोडीच निघाली. भाऊ म्हणतो, "बहिणींनी राजीखुशीनं सोडलं, यात भेदभाव कुठून आला?" माझी मोजणी बरोबर आहे का? आणि त्याला काय सांगू?

उत्तर : मेहनत घेतलीस, पण मोजायला कागद चुकीचा घेतलास. सातबारा ही शेवटी उरलेल्यांची यादी असते. कोण गळालं ते तिच्यावर दिसत नाही. उताऱ्यावर स्त्री की पुरुष असा रकानाही नाही, त्यामुळे कमल, सुमन या नावांशी अडायला होतं. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. ते दिसलं की बाई आहे एवढं कळतं, पण जमीन नवऱ्याकडून आली की बापाकडून, ते कळत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये (जमीन कसणाऱ्यांमध्ये) स्त्रिया १३.८७ टक्के होत्या. आपल्या राज्यात ही गणना गावच्या दप्तरावरूनच होते. पण त्यातही विधवा, लेक आणि स्वतः जमीन विकत घेतलेली बाई एकाच बेरजेत जातात.

तू गाव नमुना ६-क माग, वारसा प्रकरणांची नोंदवही. तलाठी कार्यालयात असते (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). नाहीच दाखवली तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज कर. खातेदार वारला की त्याचे वारस आधी या वहीत येतात, मग फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) होतो आणि नंतर सातबारा बदलतो. बापाच्या वाट्यात मुलगी १९५६ पासून वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीनं ती वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनची हिस्सेदार झाली. म्हणजे लेकींची नावं या वहीत असायलाच हवीत.

समजा दहा वर्षांत ४० खातेदार वारले. वहीत त्यांचे ८० मुलगे आणि ५५ मुली लिहिल्या आहेत. आज सातबाऱ्यावर त्यांतले ७६ मुलगे आणि ११ मुली उरल्या. मुलग्यांतले ५ टक्के बाहेर पडले, मुलींतल्या ८० टक्के. तुझ्या भावाचं उत्तर याच हिशेबात आहे. त्याला विचार, राजीखुशीनं सोडणारे भाऊ किती? हक्कसोडपत्रं बहिणींची किती आणि भावांची किती, एवढं मोज. खुशीच असती तर ती दोघांकडे थोडीफार सारखी दिसली असती.

‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिलं आहे. तीस वर्षं महसुलात काढली, आधी तलाठी आणि शेवटी मंडळ अधिकारी. तेव्हा नोंदणीकृत दस्ताशिवाय नुसत्या जबाबावरही नावं कमी व्हायची. एका आखाजीला (अक्षय तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण) एक बाई भावासोबत माझ्यापुढे आली. जबाब लिहून झाला. "वाचून दाखवू का?" मी विचारलं. ती म्हणाली, "भाऊ शे ना मना." माझा भाऊच आहे ना. अंगठा उमटवला, आणि शाई कुठे पुसावी ते तिला कळेना. अंगावर लुगडं नवं होतं, आखाजीचं, भावानंच घेतलेलं. शेवटी तिनं अंगठा केसांना पुसला. त्या दिवशी मी जे लिहिलं ते कागदावर खरं होतं, आणि आज तू ती नोंद काढलीस तर तुलाही तेच वाचायला मिळेल. पुढे माझ्या वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडायला मीही सही केली. कायदा पाठ होता. पण आखाजीचं बोलावणं बंद झालं असतं तर मला ते सोसलं नसतं.

म्हणून कागदावरून कारण वाचू नकोस, फरक मोज. कारण विचारायला दहा-बारा बायकांकडे जाऊन बस, भाऊ समोर नसताना.

वरच्या हिशेबात अजून एक गोष्ट लपली आहे. मुलगे ८० आणि मुली ५५ कशा? जन्माला साधारण १०५ मुलांमागे १०० मुली येतात. जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, पण ती लेकरं आजच्या वारसांपेक्षा लहान, म्हणून ही तूट त्या आकड्यानं उलगडत नाही. वारसांची यादी घरचेच देतात, आणि सासरी गेलेली लेक तिथेच सुटते. ती शोधायला जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, जनरल रजिस्टर उघड. मुलीचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं मिळेल. ६-कमधल्या प्रत्येक बापापुढे शाळेतल्या लेकी लाव. ज्या शाळेत गेल्याच नाहीत त्या इथेही निसटतील, तेवढं प्रकल्पात स्पष्ट लिही.

गावात भिल्ल, पावरा कुटुंबं असतील तर त्यांची मोजणी वेगळी ठेव, कारण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. २०२५ चं वर्षही वेगळं ठेव. ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत वर्षानुवर्षं मयतांच्या नावावर पडून राहिलेल्या जमिनींच्या नोंदी त्या वर्षी निघाल्या, त्यामुळे आकडा एकदम फुगलेला दिसेल. आणि प्रकल्पात कुणाचंही नाव लिहू नकोस, घरांना अनुक्रमांक दे. त्या बायकांना माहेरी यायचं असतं.

वही मिळाली की आधी मुलगे आणि मुली यांची साधी बेरीज कर आणि मला कळव. फेरफारांकडे आपण त्यानंतर जाऊ.